आधी पेन ओळखा, मग शाईची बाटली उघडा

एकाच बाटलीतली फिरोजी शाई दोन फाउंटन पेनांत भरा. एक पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाड निबचं, ड्रॉपरने भरायचं. दुसरं जपानी, अतिबारीक निबचं. पहिल्याची अक्षरं गडद उमटतील, वाळायला वेळ घेतील आणि साध्या वहीच्या पानामागे ठिपके उठतील. दुसऱ्याची रेघ इतकी फिकी पडेल की संध्याकाळच्या उजेडात वाचायला त्रास होईल. पहिलं पेन वापरणारा म्हणेल शाई पसरते, दुसरा म्हणेल शाईला दमच नाही. खरं तर पेनं चांगली आणि शाईही चांगली, फक्त जोडी जमलेली नसते.

दुकानात आपण आधी रंग बघतो. क्रम उलटा हवा. आपलं पेन किती शाई सोडतं ते आधी बघायचं, मग कागद कुठला आणि काम कसलं ते ठरवायचं, आणि रंगाकडे शेवटी वळायचं. असं केलं की नावडती म्हणून कपाटात पडून राहिलेल्या अर्ध्या बाटल्या पुन्हा वापरात येतात.

पेन ओलं आहे की कोरडं

निबच्या खाली जीभ असते, हल्ली तिला सर्रास फीड म्हणतात. तिच्यात उभी बारीक खाच असते. त्या खाचेतून शाई निबच्या चिरेपर्यंत येते, आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जाते. चीर किती उघडी आहे, खाच किती खोल आहे आणि निब जिभेला नीट चिकटून बसली आहे का, यावर पेनाचा ओलेपणा ठरतो. भरपूर शाई सोडणारं ते ओलं पेन, हात राखून सोडणारं ते कोरडं. हाताने घडवलेल्या एबोनाइटच्या जिभेला शाई चांगली धरते, म्हणून आपल्याकडची जुन्या पद्धतीची ड्रॉपरची पेनं बहुधा ओली असतात.

कंपनीचं नाव बघून अंदाज बांधू नका. एकाच नावाची, एकाच दिवशी घेतलेली दोन पेनं वेगळी वागतात, विशेषतः निब हाताने बसवलेली असेल तर. निबवरचं अक्षरही पुरेसं सांगत नाही. जपानी पेनाची एफ (फाइन, म्हणजे बारीक) निब युरोपीय एफपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. त्यामुळे प्रत्येक पेन तपासूनच घ्यावं:

१. पेन साध्या पाण्याने धुवा. नवं असेल तर एका पेल्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं आणि ते शाईला अडवतं. नवं पेन अडखळतं याचं हेच सगळ्यात सामान्य कारण. धुतलेलं पेन रात्रभर निब खाली करून मऊ कापडावर वाळू द्या.

२. तपासायच्या सगळ्या पेनांत एकच साधी शाई भरा. रॉयल ब्ल्यू उत्तम.

३. गुळगुळीत कागद घ्या आणि दिवा समोरून नको, बाजूने येऊ द्या.

४. जोर न देता सलग आडवी वेटोळी काढत जा आणि रेघेकडे तिरकं बघा. ओली रेघ आरशासारखी चमकते, मग ती चमक एकदम विझते. दोन-तीन सेकंदांत विझली तर पेन कोरडं. दहा सेकंद झाले तरी चमकतेच आहे, तर ओलं. हवेतल्या दमटपणानुसार हे आकडे बदलतात, म्हणून सगळी पेनं एकाच दिवशी, एकाच कागदावर तपासा आणि एकमेकांशी ताडून बघा.

५. वेटोळ्यांच्या दहा ओळी पूर्ण करा. पहिल्या ओळीपेक्षा दहावी स्पष्ट फिकी असेल, तर लिहिण्याच्या वेगाला जीभ पुरी पडत नाही. पण तसा निष्कर्ष काढण्याआधी कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी पेनातली छोटी नळी, उजेडात धरा. पुष्कळदा शाई मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि पुढे नुसता हवेचा फुगा असतो. बोटाने टिचकी मारल्यावर शाई खाली आली, तर दोष पेनाचा नव्हता.

शाईचाही ओलेपणा असतो

पाण्यात रंगद्रव्य विरघळवलं की शाई झाली, एवढंच नसतं. तिच्यात बुरशी रोखणारं द्रव्य असतं, लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काही असतं, आणि पृष्ठताण कमी करणारा साबणी घटक असतो. तो घटक जास्त असला की शाई सहज वाहते. पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतल्या शाया आणि वॉटरमनची निळी या अशा वाहत्या, म्हणजे ओल्या. पेलिकन ४००१ मालिका संयमी, म्हणजे कोरडी. कोरडी म्हणजे कमी प्रतीची नव्हे. ओल्या पेनाला सावरायला तीच लागते.

घरातल्या शाया ताडून बघायच्या तर एकाच टिपकागदावर, एकाच ड्रॉपरने, सारख्याच उंचीवरून प्रत्येकीचा एकेक थेंब टाका. मिनिटभराने ज्या थेंबाचा डाग जास्त पसरलेला असेल ती शाई जास्त ओली. ड्रॉपर दर वेळी धुऊन पुसायला विसरू नका.

मुख्य नियम सोपा आहे: ओल्या पेनात कोरडी शाई, कोरड्या पेनात ओली शाई. ओल्या पेनात ओली शाई भरली तर अक्षरांना मुळं फुटतात, म्हणजे कडेने शाईचे बारीक तंतू पसरतात, आणि पान मागे उमटतं. कोरड्या पेनात कोरडी शाई भरली तर पहिली रेघ उमटत नाही, निब कागदाला घासल्यासारखी वाटते आणि माणूस नकळत जोर देऊ लागतो. त्या जोराने निबच्या दोन्ही पाती फाकतात. शाई बदलून जे सुटलं असतं, ते मग दुरुस्तीपर्यंत जातं.

हा नियम मोडायची एक चांगली वेळ असते. शाईचा झळाळ बघायचा असेल, तेव्हा ओली शाई, ओलं पेन आणि शाई न शोषणारा कागद असं तिन्ही मुद्दाम एकत्र आणा. त्याबद्दल पुढे.

बाटलीत नेमकं काय आहे

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त असतात त्या विरघळणाऱ्या रंगांच्या शाया. आपल्याकडच्या बहुतेक ओळखीच्या बाटल्या याच जातीच्या. कॅमलिनची सुरुवातच शाईपासून झाली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत हॉर्स ब्रँड शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला घेतल्या होत्या. बंगालची सुलेखा स्वदेशीच्या ओढीतून १९३४ मध्ये उभी राहिली, पुढे बंद पडली आणि २०२० मध्ये तिच्या शाया बाजारात परतल्या. ब्रिलच्या बाटल्याही कित्येक स्टेशनरी दुकानांत मिळतात. नवशिक्याने या साध्या शायांपासूनच सुरुवात करावी. स्वस्त आहेत म्हणूनच नव्हे. पेनात वाळल्या तरी पाण्याने निघतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. उणीव एकच: रॉयल ब्ल्यू पाण्याने धुऊन जाते आणि उन्हात फिकी पडते. पाकिटावरचा पत्ता, चेक, करारावरची सही यांसाठी ती नको.

पाण्याला आणि काळाला टिकणारी शाई हवी असेल तर दोन वाटा आहेत, आणि दोन्हींची शिस्त वेगळी.

पहिली वाट लोहयुक्त शाईची, जिला आयर्न गॉल म्हणतात. झाडाच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार एकत्र येऊन ती होते. पेनातून उतरताना ती बहुधा निळी दिसते, कारण लगेच दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग घातलेला असतो. कागदावर हवेशी संयोग झाला की लोहाचा भाग हळूहळू काळवंडतो. सकाळी लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशी बघा, राखाडी छटा आलेली दिसेल. पेलिकनची ४००१ ब्ल्यू-ब्लॅक, रोरर अँड क्लिंगनरच्या सॅलिक्स आणि स्कॅबिओसा, डायमाइनची रजिस्ट्रार्स या अशा शाया. त्या कोरड्या वाहतात आणि स्वस्त कागदावरही कडा रेखीव ठेवतात. ज्यांना ऑफिसातल्या झेरॉक्स कागदावरच लिहावं लागतं आणि ज्यांचं पेन ओलं आहे, त्यांनी इतर काही शोधण्याआधी ही शाई वापरून बघावी. पथ्य एवढंच: या शाया आम्लधर्मी असतात. पेन महिनोन्महिने भरून ठेवू नये आणि तीन-चार आठवड्यांनी धुवावं, नाहीतर मुलामा दिलेल्या स्वस्त निबला गंज धरू शकतो.

दुसरी वाट कणयुक्त शाईची. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक आणि सेलरची किवागुरो ही काळ्यातली उदाहरणं. बोरूने लिहिलेले जुने मोडी कागद आजही काळेभोर दिसतात, ते काजळीच्या शाईमुळे. कार्बन उन्हाने उडत नाही. या शाईची जातकुळी तीच, फक्त कण पेनातून जातील इतके बारीक केलेले. पण पेनात वाळली तर ती पाण्याने सहजी विरघळत नाही. म्हणून ती रोज लिहिल्या जाणाऱ्या, टोपण घट्ट बसणाऱ्या आणि पूर्ण उघडून धुता येणाऱ्या पेनातच भरावी. सही करायला महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या पेनात ती भरलीत, तर पेन हमखास तुंबेल.

इथे एक इशारा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. चित्रकलेच्या सामानात मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, जिला इंडियन इंक म्हणतात, ती फाउंटन पेनात कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. तो वाळला की जिभेची खाच कायमची बंद होऊ शकते. कॅलिग्राफीसाठी टाक बुडवून वापरायच्या पुष्कळ शाया आणि स्टॅम्प पॅडची शाईही बादच. बाटलीवर फाउंटन पेनासाठी असल्याचा उल्लेख नसेल, तर ती बोरू-टाकासाठी ठेवा.

चमकीच्या शायांत डोळ्यांना दिसतील एवढे सोनेरी-रुपेरी कण असतात. जे. हर्बिनच्या १६७० मालिकेतली एमराल्ड ऑफ शिवोर ही त्यांतली फार गाजलेली. भरण्याआधी बाटली हलवायची, लिहिण्याआधी पेन बोटांत दोन-तीनदा फिरवायचं, आणि दोन आठवड्यांत पेन रिकामं करून धुवायचं. निब मध्यम किंवा जाड हवी. अतिबारीक निबमधून कण उतरतच नाहीत, नुसता रंग उतरतो.

कुठल्या पेनात कुठली शाई

ड्रॉपरची एबोनाइट पेनं २ ते ४ मिली शाई घेतात, म्हणजे कन्व्हर्टरच्या चौपट-पाचपट. इतकी शाई संपायला आठवडे लागतात. तेव्हा रोज आवडेल आणि इतके दिवस आत राहिली तरी त्रास देणार नाही अशी साधी शाई यात भरा. लोहयुक्त शाई भरायचीच असेल, तर १ मिलीच भरा असं सांगावंसं वाटेल, पण या पेनात शाई कमी ठेवली की वेगळाच त्रास सुरू होतो. तो पुढे येतोच.

कन्व्हर्टरची पेनं प्रयोगासाठी सगळ्यात सोयीची. त्यांत ०.५ ते १ मिलीच मावते, रंग लवकर बदलता येतो आणि धुणंही सोपं. कणयुक्त, लोहयुक्त, चमकी, काय हवं ते इथे करून बघा.

पिस्टनच्या, म्हणजे आतल्या दट्ट्याने शाई ओढणाऱ्या, पारदर्शक पेनांत गडद लाल, जांभळ्या आणि काही भडक निळ्या शाया नळीला डाग लावतात. नूडलर्सची बे स्टेट ब्ल्यू याबाबतीत कुप्रसिद्ध आहे, आणि ती दुसऱ्या शायांशी जुळवूनही घेत नाही. तिच्यासाठी एक स्वस्त पेन कायमचं बाजूला काढा.

घरात आजोबांचं पार्कर ५१ असेल, तर त्यात साधी धुतली जाणारी निळी किंवा काळीच भरा. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या या पेनाची निब झाकलेली असते आणि आत शाई साठवणाऱ्या बारीक कंगव्यासारख्या चकत्या असतात. तिथे जाऊन बसलेली कणयुक्त शाई घरी काढता येत नाही. हिरो ६१६ सारख्या झाकल्या निबच्या पेनांनाही हेच लागू. रबरी पिशवीच्या जुन्या पेनांत फार गडद, दाट शाया टाळाव्यात. पिशवी चिकट होऊन फाटते.

भरताना

कन्व्हर्टर: निब संपूर्ण बुडवा, अगदी बोटं धरतो त्या भागाची कड शाईला टेकेपर्यंत. अर्धी निब बुडवली तर जिभेच्या भोकातून शाईऐवजी हवा ओढली जाते. पिस्टन खाली नेऊन सावकाश वर ओढा, पाच सेकंद थांबा, पुन्हा एकदा तसंच करा. मग निब बाटलीवर धरून दोन-तीन थेंब परत सोडा, निब वर करा आणि उरलेला फेरा फिरवून थोडी हवा आत घ्या. हे दोन-तीन थेंब सोडायचं राहिलं की जीभ तुडुंब राहते आणि पहिल्याच ओळीत डाग पडतो.

ड्रॉपरचं पेन: पुढचा भाग उघडा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, तांदळाच्या दाण्याएवढंही पुरे. व्हॅसलिन लावू नका. ते खनिज तेलाचं असल्याने रबर आणि काही प्लास्टिकं त्याने बिघडतात. ड्रॉपरने आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत शाई भरा, वर नको. पेन उभं धरून घट्ट बंद करा, मग निब खाली करून मिनिटभर थांबा, म्हणजे शाई जिभेत उतरते.

बाटलीत थेट घाणेरडी निब बुडवू नका आणि पेनात उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. मेडिकलमध्ये मिळणारी ५ मिलीची सिरिंज घ्या. शाई काढायला, कार्ट्रिज पुन्हा भरायला आणि कन्व्हर्टर धुवायला तिच्यासारखं साधन नाही.

त्रास आणि त्याची कारणं

ड्रॉपरच्या पेनातून अचानक थेंब पडतो. पेनात शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की वरची जागा हवेने भरलेली असते. हाताच्या किंवा खिशाच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. उन्हाळ्यात खचाखच भरलेल्या लोकलमधून शर्टाच्या खिशात आलेलं पेन ऑफिसात टोपण काढताच बोटं रंगवतं, ते यामुळे. उपाय म्हणजे शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की पुन्हा भरायची, आणि खिशातून आलेलं पेन उघडताना निब वर ठेवायची. विमानातही हेच तत्त्व: पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर.

टोपण काढल्यावर पहिलं अक्षर उमटत नाही. बहुतेकदा टोपणातून हवा जाते. पेन भरून, बंद करून आडवं ठेवा. २४ तासांनी आणि मग ७२ तासांनी एकेक रेघ ओढा. २४ तासांनीच अडलं तर शाईला दोष देऊ नका, त्या पेनात ओली शाई भरा आणि ते रोज वापरा. प्लॅटिनमच्या प्रेपीसारखी स्वस्त पेनं इथे महागड्यांना मागे टाकतात, कारण त्यांच्या टोपणात आतून घट्ट बसणारं बूच आहे.

रेघ सुरू होताना अडते, मग नीट चालते, आणि पेन तर ताजं भरलेलं आहे. पानाच्या खालच्या भागात हे जास्त होत असेल, तर तिथे तळहाताचा तेलकटपणा लागलेला आहे. हाताखाली टिपकागद ठेवून बघा.

निबच्या वरच्या बाजूला शाईचा पातळ थर चढतो, लाल शायांत हटकून. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. पुसा आणि लिहीत राहा.

बाटलीवर पांढुरकी साय, तरंगणारे धागे किंवा कुबट वास असेल, तर ती बुरशी. गाळून वापरायचा मोह होतो, करू नका. बाटली टाकून द्या आणि त्या शाईचं पेन साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. एका बुरशीच्या बाटलीतून आलेलं पेन दुसऱ्या चांगल्या बाटल्या नासवतं.

पातळ करणं, ओली करणं, मिसळणं

विदर्भातल्या मे महिन्यात कन्व्हर्टरमधली शाई आठवड्यात दाट होते, कारण पाणी उडतं आणि रंग मागे उरतो. शाई गडद दिसू लागली आणि वाहायला कंटाळली, की डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब घाला. एक थेंब साधारण ०.०५ मिली धरला, तर अर्ध्या मिली शाईत तो दहा टक्के होतो. त्यापुढे जाऊ नका. आणि पाणी पेनातच घाला, बाटलीत नको. बाटलीत बुरशीरोधक पातळ होतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना पाणीच मागा. तिथेच अ‍ॅसिडही विकतात.

फार कोरडी शाई थोडी ओली करायची, तर टूथपिकचं टोक भांडी घासायच्या लिक्विडला नुसतं टेकवा आणि वेगळ्या काढलेल्या ५ मिली शाईत ढवळा. एवढ्यानेही फरक कळतो. थेंबभर घातलंत तर प्रत्येक अक्षराला मुळं फुटतील आणि ती शाई सुधारता येणार नाही.

दोन शाया मिसळायच्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या घ्या. आम्लधर्मी आणि अल्कधर्मी शाई एकत्र आली की गाळ बसू शकतो. काचेच्या बारीक बाटलीत प्रत्येकी १ मिली टाका, झाकण लावा, आठवडाभर ठेवा, मग उजेडात तिरकी धरून तळ बघा. तळाशी काहीही दिसलं तर ते मिश्रण पेनात घालू नका. लोहयुक्त आणि कणयुक्त शाया मिसळायच्याच नाहीत.

पावसाळा आणि कागद

कोकणात जुलैमध्ये लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे की जी वही एप्रिलमध्ये सुंदर वागत होती, तीच आता शाई पसरवते. कागद हवेतलं पाणी पितो आणि त्याच्या पृष्ठभागावरचा शाई रोखणारा लेप सैल पडतो. वह्या बंद स्टीलच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. या महिन्यांत एक पायरी बारीक निब आणि कोरडी शाई वापरा, आणि टिपकागद हाताशी असू द्या.

कागद निवडताना नुसत्या जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम त्या वजनावर, जाऊ नका. ५२ जीएसएमचा टोमोए रिव्हर कागद फाउंटन पेनाची शाई जशी पेलतो, तशी १०० जीएसएमचा कित्येक बॉन्ड पेपर पेलत नाही. जाडीपेक्षा वरचा लेप महत्त्वाचा. वही घेण्याआधी शेवटच्या पानावर ओल्या पेनाने एक शब्द लिहून, तीन तपासण्या करा: कडेला केस फुटले का, मागे ठिपके आले का, आणि वाळायला किती सेकंद लागले. डावऱ्या माणसाने तिसरी तपासणी सगळ्यात आधी करावी.

धुणं

शाईचा रंग बदलताना निब पाण्यात बुडवून कन्व्हर्टरने दहा-पंधरा वेळा पाणी आत-बाहेर करा, मग निब टिश्यूवर टेकवा. टिश्यूवर रंगाची छटा उमटते आहे तोवर काम संपलेलं नाही. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट असावं. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर अजिबात नको. अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर जिभेत क्षार राहतात.

लोहयुक्त शाई वाळून बसली असेल तर आधी साधं पाणी, मग पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग असं मिश्रण दहा मिनिटं, आणि पुन्हा भरपूर पाणी. इथे साबण किंवा अमोनियाने सुरुवात करू नका. अल्कधर्मी द्रावणात लोहाचा गाळ आणखी घट्ट बसतो. कणयुक्त शाईसाठी उलट, साबणाचं पाणी रात्रभर.

रंगाचा आनंद

आता रंग. काही शाया एकाच अक्षरात दोन छटा दाखवतात: निब जिथे थांबते तिथे गडद, मधल्या ओढीत फिकी. देवनागरीत ही मजा खास, कारण आडव्या शिरोरेषेची ओढ फिकी राहते आणि काना जिथे संपतो तिथे शाईचा थेंब साचून गडद होतो. यासाठी मध्यम किंवा जाड निब घ्या, आणि पेन फार ओलं नको. सगळीकडेच शाई साचली तर छटा दिसणार कुठून?

झळाळ वेगळा. रंग इतका दाट साचतो की कागदात मुरायचा उरलेला भाग वरच स्फटिकासारखा वाळतो आणि तिरक्या उजेडात भलताच रंग परावर्तित करतो. सेलरची यामा-दोरी मोरपिशी असून लाल झळकते, इरोशिझुकूची यामा-बुदो द्राक्षासारखी असून सोनेरी-हिरवी. शोषणाऱ्या कागदावर हे दिसतच नाही. आणि झळाळाची शाई घामट बोटाने महिन्याभरानेही पुसली जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी ती योग्य नाही.

६० मिलीची एक बाटली म्हणजे ०.६ मिलीच्या कन्व्हर्टरचे शंभर भरणे. म्हणून नव्या रंगाची आधी २ ते ५ मिलीची छोटी कुपी घ्या. सुरुवातीला आमच्या मते तीन बाटल्या पुरेत: एक धुतली जाणारी निळी, एक लोहयुक्त ब्ल्यू-ब्लॅक, आणि एक निव्वळ हौसेची.

प्रत्येक शाईची पट्टी करून ठेवा. जाडसर कागदाच्या पट्टीवर कापसाच्या काडीने एक फराटा ओढा, खाली पेनाने एक वाक्य लिहा, दहा मिनिटांनी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून टिपा. पाण्याला ती किती टिकते ते तिथेच कळतं. मग टिपकागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर शाईचा ठिपका द्या आणि टोक पाण्यात टेकवून पट्टी उभी धरा. पाणी वर चढेल तसा ठिपका उकलत जातो. कित्येक काळ्या शायांतून आधी आकाशी कड पुढे निघते, तिच्यामागे जांभळट पट्टा राहतो, आणि कधी मधेच पिवळा दिसतो जो लिहिताना कधी जाणवला नव्हता. जो रंग सगळ्यात पुढे पळतो तोच पान भिजल्यावरही आधी पसरतो. ती पट्टी वाळली की वहीत चिकटवा आणि शेजारी शाईचं नाव, पेन, निब आणि तारीख लिहा, त्याच शाईने.